मॉडेल रेल्वे : जिनिंग-तेल गिरणीच्या सायडिंगला रोज किती डबे लावायचे?

रुळावरचा_खान्देशी (जळगाव)

मंडळी, नमस्कार. गच्चीवरच्या खोलीत एचओ स्केलचा (खऱ्याच्या 87 वा भाग) लेआउट चालू आहे. लांबी 14 फूट, भिंतीला लागून फळी, दोन्ही टोकांना पडद्यामागे गाड्या उभ्या करायला चार-चार रूळ. काळ 1960 ते 65, वाफेचं इंजिन, एकेरी लाईन. जागा म्हणजे ताप्ती व्हॅलीची लाईन, अमळनेर आणि धरणगावच्या मधलं एक काल्पनिक स्टेशन. डावीकडचा पडदा म्हणजे सुरत, उजवीकडचा म्हणजे जळगाव-भुसावळ.

स्टेशनाला लागून जिनिंग-प्रेसिंग आणि तेल गिरणी घेतली आहे. आपल्याकडे कापूस आणि तेल सोडून दुसरं काय घेणार, अमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली, त्यामुळे त्या पट्ट्यात तेलाची गिरणी अगदी शोभते. इमारत पुठ्ठ्याची करून झाली, धुराडं झालं, सायडिंग (गिरणीत जाणारा बाजूचा रूळ) टाकली, सहा चार-चाकी डबे मावतात. माझे डबे बफर ते बफर 9 सेंटीमीटर पडतात.

आता अडलंय ते इथे. मी रोज आठ डबे आणतो आणि आठ नेतो. गाडी दोनदा येते, दर वेळी भरलेले चार ओढते, रिकामे चार ढकलते, संपलं. दोन महिन्यांत कंटाळा आला आणि खरंही वाटत नाही. गिरणीची वाहतूक खरी वाटायला नेमकं काय ठरवायचं असतं? कोणी केलंय का असं?

दीपनगर_लाईट (भुसावळ)

भाऊ मी उलट्या बाजूने सांगतो, कारण मी आधी चूक करून बसलोय. मला आपल्या दीपनगरचं औष्णिक केंद्र करायचं होतं. हिशोब करायला बसलो. 210 मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने 24 तास चालला तर 50 लाख युनिट वीज, युनिटमागे पाऊण किलोच्या जरा आत कोळसा धरला तरी दिवसाला साडेतीन हजार टन. म्हणजे एका संचाला रोज जवळपास एक अख्खा रॅक (पूर्ण मालगाडी), बॉक्सएन जातीचे 58 उघडे डबे. 500 मेगावॅटच्या संचाला दोनाच्या वर रॅक. आता एक बॉक्सएन 10.7 मीटरचा, एचओत 12.3 सेंटीमीटर, 58 डबे म्हणजे सात मीटरच्या वर लांब गाडी, इंजिन-ब्रेकयान वेगळं. माझी खोलीच साडेचार मीटरची! सोडून दिलं.

त्यातून मी एक शिकलो. आधी कारखाना दिवसाला किती खातो आणि किती ओकतो ते टनात काढायचं, डबे मग. तुम्ही आठ हा आकडा कुठून आणला?

रुळावरचा_खान्देशी

खरं सांगायचं तर माझ्याकडे आठ बंद डबे होते म्हणून आठ.

मालबाबू_निवृत्त (अमळनेर)

रुळावरचा, तुमचा धागा वाचून बरं वाटलं. मी गुड्स क्लार्क म्हणून आयुष्य काढलं, सुरुवातीची वर्षं याच लाईनवर, त्यामुळे थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, गिरणीत येणारा कापूस रेल्वेने येत नाही. तो बैलगाडीने येतो. पहाटेपासून गिरणीच्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग, बैल सोडलेले, शेतकरी गाडीखाली झोपलेले, पुढे-पुढे ट्रॅक्टर आले. तुमच्या मॉडेलवर हे फाटक आणि ही रांग आधी करा. तुमची गिरणी आत घेते ते गाडीवाटेने आणि बाहेर देते ते रुळाने, असा तिचा स्वभाव आहे. तुम्ही आठ रिकामे आणि आठ भरलेले म्हणता, ते कोळशाच्या खाणीला शोभेल.

आता हिशोब. मध्यम गिरणी धरा, मोसमात दिवसाला 50 टन कापूस. कापूस जिन केला, म्हणजे सरकी वेगळी काढली, की साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी जवळपास सगळी सरकी. म्हणजे 17 टन रुई आणि 32 टन सरकी. गाठ 170 किलोची धरली तर 100 गाठी. एका चार-चाकी बंद वाघिणीत (मालडब्यात) तेवढ्याच बसतात असं समजा. म्हणजे गाठींची रोज एक वाघीण. एकच.

सरकी तुम्ही तिथेच घाण्याला लावताय. तेल बाराएक टक्के, म्हणजे चार टन. 15 किलोचे पत्र्याचे डबे भरले तर पावणेतीनशेच्या आत-बाहेर. वाघिणीत 22 टन भरायचे म्हटले तर पाच दिवसांनी एक वाघीण भरणार. उरली ढेप, 25-26 टन. त्यातली निम्मी तरी आजूबाजूची गावं गाडीवर टाकून घेऊन जातात, म्हशी आहेत ना घरोघर. राहिलेली रुळाने, दोन दिवसांत एक वाघीण म्हणा, कधी जरा जास्त.

येणारं काय? बॉयलरला कोळसा, दिवसाला चारेक टन धरा, पाच-सहा दिवसांनी एक उघडी वाघीण. बारदान कलकत्त्याकडून, महिन्यातून एखादी. डबे करायचा पत्रा, कॉस्टिकचे पिंप, एखादं यंत्राचं खोकं, हे सगळं फुटकळ, ते मालधक्क्यावर उतरेल, सायडिंगला नाही.

बेरीज करा. दिवसाला दोन वाघिणी. आठ नाहीत.

रुळावरचा_खान्देशी

काका, दोनच? मग 14 फुटांवर मी करू काय दिवसभर?

ढेपवाली (धुळे)

दादा थांबा, निराश नका होऊ. काकांनी दिवसाला दोन सांगितले, पण सायडिंगवर एका वेळी किती उभे असतील तो हिशोब वेगळा. सकाळी रिकामा लागला, दिवसभर हमाल भरतात, संध्याकाळी सील, लेबल, आर.आर. (रेल्वेची पावती) बनली, दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघाला. म्हणजे एक डबा किमान दीड-दोन दिवस सायडिंग अडवतो. तेलाचा डबा जास्तच, कारण रोजचे पावणेतीनशे पत्र्याचे डबे तयार होऊन माल साठेपर्यंत कोणी वाघीण मागवत नाही पण मागवली की ती कधी मिळेल ते हातात नाही. रोजच्या वाघिणी गुणिले थांबण्याचे दिवस, एवढं सोपं आहे. दोन गुणिले दोन चार, त्यात एक अर्धवट रिकामा केलेला कोळशाचा, पाच झाले. तुमची सहाची सायडिंग भरली की!

आणि खरी मजा इथे सुरू होते. हे पाचही वेगवेगळ्या जागी उभे राहायला हवेत. गाठींचा डबा प्रेसच्या ओट्याला दारासमोर दार लावून, ढेपेचा गोदामाला, कोळशाचा बॉयलरपाशी. बॉयलर कुठे आहे तुमचा?

रुळावरचा_खान्देशी

सायडिंगच्या अगदी शेवटी, धुराड्याखाली. ओटा मध्ये. गोदाम सांध्याच्या (मुख्य लाईनीतून सायडिंग फुटते त्या जागेच्या) बाजूला.

ढेपवाली

मग झालं काम. रिकामा झालेला कोळशाचा डबा काढायचा तर पुढचे सगळे आधी ओढावे लागणार. त्यात एक अर्धा भरलेला गाठींचा, एक अर्धा ढेपेचा. हमालांचं काम बंद, फळ्या काढायच्या, दारं लावायची, इंजिनाने ओढायचं, कोळशाचा बाजूला टाकायचा, नवा भरलेला कोळसा आत ढकलायचा आणि मग ते अर्धवट डबे पुन्हा होते त्याच जागी, त्याच दारासमोर. दोन डबे नेण्यासाठी पाच हलवावे लागतात. आठ येतात आठ जातात याच्यात हे कधीच होत नाही.

माझ्या आजोबांनी गिरणीत मुकादमी केली, ते म्हणायचे इंजिन आलं की अर्धा तास हमालांना बिडीची सुट्टी.

मालबाबू_निवृत्त

ताईंचं अगदी बरोबर. त्यात मी आणखी एक घालतो, दिशा. रुळावरचा, तुमचा सायडिंगचा सांधा कोणत्या बाजूला उघडतो?

रुळावरचा_खान्देशी

जळगावहून सुरतकडे जाणारी गाडी सांधा ओलांडून पुढे थांबते आणि मागे ढकलत आत जाते.

मालबाबू_निवृत्त

उत्तम. म्हणजे सुरतकडे जाणारी पिकअप गुड्स (स्टेशनागणिक डबे सोडत-उचलत जाणारी मालगाडी) सायडिंगचं काम करू शकते. तिच्यात तुमच्या गिरणीचे डबे इंजिनाला लागून असले पाहिजेत, ब्रेकयान (गार्डचा डबा) शेवटी. जळगावच्या यार्डात ते तसे लावूनच पाठवतात, न लावता पाठवले तर गार्ड आणि ड्रायव्हर दोघं बोलतात. पण सुरतेहून जळगावला जाणारी गाडी उलट्या तोंडाची, तिला ही सायडिंग जमत नाही. तुमचा कोळसा येतो पूर्वेकडून आणि रिकामी उघडी वाघीण परत जायची पूर्वेकडे, खाणींच्या दिशेला. म्हणजे ती आधी सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने सायडिंगमधून काढून स्टेशनच्या लूपमध्ये (मुख्य लाईनीशेजारच्या, दोन्ही टोकांना जोडलेल्या रुळावर) ठेवायची, आणि मग जळगावकडे जाणाऱ्या गाडीने तिथून उचलायची. दोन गाड्यांचं काम आहे ते.

गाठी मुंबईला. पश्चिम रेल्वेच्या वाटेने सुरत होऊन कारनॅक ब्रिज किंवा बंदराकडे कॉटन ग्रीन. मध्य रेल्वेच्या वाटेने पाठवायच्या तर जळगाव, भुसावळ करून वाडी बंदर. काही गाठी अहमदाबादच्या गिरण्यांना, त्या सुरतेकडेच. ढेपेचं गिऱ्हाईक कुठलंही असू शकतं. म्हणजे एकाच ओट्यावरून निघालेले दोन डबे दोन पडद्यांमागे गेले पाहिजेत. लेबल वाचल्याशिवाय कोणता कुठे ते कळू नये.

आणि लक्षात ठेवा, तेव्हा एकेक डब्याची वाहतूक होती. 80 च्या दशकात रेल्वेने हळूहळू ती बंद करून अख्ख्या रॅकवर भर दिला. तुम्ही 1960 निवडलंत ते नशीब, 1995 घेतलं असतं तर गिरणीची सायडिंग गवतात गेलेली दाखवायची वेळ आली असती. तशाही पाहिल्यात मी, वाईट वाटतं.

एचओ_नवखा (नाशिक)

मध्येच विचारतो. बाहेरच्या देशांतले लोक डब्याचं कार्ड आणि त्यात चार बाजूंची चिठ्ठी वापरतात ना? डब्यागणिक एक कार्ड, खिशात चिठ्ठी, प्रत्येक खेपेला चिठ्ठी फिरवायची. ते आपल्याला चालेल का?

रुळावरचा_खान्देशी

मी तेच करून बघितलं होतं पण अडचण अशी की चार बाजू संपल्या की पुन्हा पहिलीच, त्यामुळे तोच डबा तेच चक्र. आणि आपल्याकडे बंद वाघीण मुंबईला गेली की ती परत माझ्याच गिरणीत येणार थोडीच, ती देशात कुठेही जाईल.

चाळीसगाव_धुळे_मिक्स (चाळीसगाव)

त्याला उपाय आहे भो. डब्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे नंबर घाला. तुमचा लेआउट एकाच बाजूने दिसतो ना, मग पडद्यामागे गेला की डबा उचलून फिरवायचा, नवा नंबर, वेगळी रेल्वे लिहिलेली, नवी मळकट छटा. माझ्याकडे 22 डबे आहेत पण वहीत 44 नोंदले आहेत. मी चाळीसगाव-धुळे फाट्याचा लेआउट करतोय, 1900 साली सुरू झालेली 56 किलोमीटरची लाईन, धुळ्याला शेवट. तिथे सगळं एकाच टोकाने येतं आणि त्याच टोकाने जातं त्यामुळे नंबरांची पुनरावृत्ती फारच डोळ्यांत येते.

चिठ्ठीऐवजी मी इंडेंट (वाघिणीची मागणी) वापरतो. वहीत लिहितो, आज गाठींना एक रिकामी हवी. मग फासा टाकतो. एक-दोन आलं तर आज मिळाली, तीन-चार आलं तर उद्या, पाच-सहा आलं तर परवा. वाघिणींची टंचाई त्या काळी होतीच.

मालबाबू_निवृत्त

होतीच म्हणजे काय, व्यापारी रोज सकाळी टेबलासमोर येऊन बसायचे. नोंदणीचा रजिस्टर, त्यात तारखेप्रमाणे क्रम, वर सरकारी मालाला अग्रक्रम. धान्याच्या वाघिणी निघाल्या की गाठीवाल्यांना थांबावं लागे. फाशाची कल्पना मला पटली. फक्त एक करा, दोन दिवस नाही मिळाली तर तिसऱ्या दिवशी दोन एकदम येऊ द्या. तसंच व्हायचं. आणि मग दोन्ही वेळेत भरल्या नाहीत तर डेमरेज (उशिराचा दंड). रिकामी मिळाली की गिरणीवाल्याची धावपळ, नाही मिळाली तर ओट्यावर गाठींचा ढीग छतापर्यंत.

रुळावरचा_खान्देशी

हा गाठींचा ढीग मला फार आवडला. मी लहान गाठी करतोय, बाभळीच्या काडीचे चौकोनी तुकडे, वर पातळ मलमल चिकटवून, पट्ट्यांना तांब्याची तार. वाघीण उशिरा आली की ओट्यावर गाठी वाढवायच्या, लागली की कमी करायच्या. म्हणजे गाडी न येताही गिरणी चालू असल्याचं दिसेल.

अजून एक प्रश्न. मोसम नसताना काय?

ढेपवाली

कापूस दसरा-दिवाळीला सुरू, जोर डिसेंबर-जानेवारीत, होळीपर्यंत ओसरतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) तर अर्धे कामगार गावी गेलेले असतात. पावसाळ्यात जिनिंग बंद, पण साठवलेली सरकी असेल तर घाणा चालू ठेवता येतो, म्हणजे गाठींची वाघीण शून्य आणि तेल-ढेपेची थोडी. बॉयलरचा कोळसाही कमी. मी म्हणेन तीन पत्रकं करा, भर मोसम, उतरता मोसम, पावसाळा. खेळायला बसताना आधी महिना ठरवा आणि बैलगाड्यांची रांग त्याप्रमाणे ठेवा. पावसाळ्यात फाटक रिकामं, अंगणात गवत.

दीपनगर_लाईट

आणि गिरणीत काम नसेल तेव्हा स्टेशनाचा मालधक्का आहे की. मीठ, सिमेंट, रॉकेलच्या टाक्या, खत, धान्य. सगळं एका गिरणीवर का टाकताय? गिरणी दिवसाला दोन देते, मालधक्का दोन-तीन देईल, वरून सरळ जाणाऱ्या मालगाड्या, पॅसेंजर. एकेरी लाईन असल्याने पिकअप गुड्सला टोकनचा गोळा (पुढे जायचा परवाना) मिळेपर्यंत पॅसेंजरसाठी लूपमध्ये थांबावंच लागेल, शंटिंग अर्धवट सोडून.

चाळीसगाव_धुळे_मिक्स

केळी विसरले सगळे! रावेर, सावदा, निंभोरा. तुमच्या लाईनवर केळी भरत नसतील तरी जळगावच्या पडद्यामागून एखादा केळीचा डबा सुरतेकडे गाडीला जोडून येऊ द्या. नाशवंत माल, त्याला थांबवता येत नाही, बाकी शंटिंग सोडून त्याला आधी वाट. वडिलांनी सावद्याला लोडिंग पाहिलेलं, केळीची पानं अंथरून घड उभे लावायचे आणि त्याच दिवशी गाडी सुटलीच पाहिजे. एवढ्या एका डब्याने सगळ्या वेळापत्रकाला घाई येते.

एचओ_नवखा

भाऊ, एक तांत्रिक. एचओचा 16.5 मिमीचा रूळ आपल्या ब्रॉडगेजला अरुंद पडतो ना? 1676 भागिले 87 म्हणजे 19 च्या वर जातं.

रुळावरचा_खान्देशी

हो, पडतो. समोरून बघितलं की कळतं, बाजूने नाही कळत. तयार रूळ आणि सांधे मिळतात म्हणून मी 16.5 वरच थांबलो. स्वतः 19 मिमीचे रूळ ठोकणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

रुळावरचा_खान्देशी

तीन आठवड्यांनी परत आलो. सगळ्यांचं ऐकून केलं, काय झालं ते लिहितो.

महिना डिसेंबर ठरवला. वहीत काकांच्या हिशोबाने रोज गाठींचा एक, ढेपेचा एक दिवसाआड, तेल आणि कोळसा पाच-सहा दिवसांनी. पहिल्या दिवशी फाशात पाच आलं, गाठींना डबा नाही. दुसऱ्या दिवशीच्या मागणीला चार. तोवर ओट्यावर दोनशे गाठींचा ढीग, म्हणजे माझ्या मॉडेलवर वीस तुकडे, एक तुकडा दहा गाठींचा. तिसऱ्या दिवशी दोन रिकामे एकदम आले, त्याच गाडीत कोळशाचा भरलेला एक. आत ढेपेचा अर्धा भरलेला गोदामापाशी आणि जुना कोळशाचा रिकामा शेवटी.

WG इंजिन (मालगाडीचं वाफेचं) सांधा ओलांडून थांबलं. आधी मी सवयीने तिन्ही नवे ढकलायला गेलो तर ढेपेचा तोंडाशीच उभा, कोळसा आत जाणार कुठून. मग बसून कागदावर काढलं. तिन्ही नवे लूपमध्ये सोडले. आत जाऊन ढेपेचा आणि रिकामा कोळशाचा दोन्ही बाहेर ओढले. रिकामा कोळशाचा लूपच्या दुसऱ्या टोकाला, जळगावच्या गाडीसाठी. मग भरलेला कोळसा बॉयलरपर्यंत, त्यामागे दोन गाठींचे ओट्याला, दारं जुळवून, आणि शेवटी ढेपेचा परत गोदामाला. दारं जुळवायला तीन वेळा पुढे-मागे करावं लागलं कारण दोन डब्यांच्या दारांतलं अंतर आणि माझ्या ओट्याच्या दोन फळ्यांतलं अंतर वेगळं आहे, ते मी आता बदलणार.

एवढ्यात पॅसेंजरची वेळ झाली आणि लूपमध्ये डबे पडलेले. मुलगा पॅसेंजर चालवत होता, तो होम सिग्नलला (स्टेशनात शिरायच्या सिग्नलला) थांबून राहिला, सारखा विचारत होता पप्पा लाईन कधी मिळेल. 40 मिनिटं गेली एका सायडिंगला. डबे आले किती तर तीन, गेला एक.

काका, एक विचारायचं राहिलं. लूपमध्ये पॅसेंजर घ्यायची असताना शंटिंगचे डबे तिथे ठेवले ते चुकलंच ना? प्रत्यक्षात काय करायचे?

मालबाबू_निवृत्त

चुकलंच. पॅसेंजरची वेळ जवळ आली की स्टेशन मास्तर शंटिंग थांबवतो आणि लूप मोकळी करून घेतो, त्याशिवाय लाईन क्लिअर (गाडीला यायची परवानगी) द्यायचा नाही. तुमच्याकडे मालधक्क्याची एक लाईन असेलच, तिच्यावर दोन डबे मावतात का? मग नवे डबे लूपमध्ये सोडायचेच नाहीत. भरलेला कोळसा इंजिनाला लागून ठेवा आणि गाठींचे दोन्ही रिकामे मालधक्क्याच्या लाईनवर टाका. तिथे सिमेंटचा डबा खाली होत असेल तर हमालांना विचारून. जळगावला गाडी लावतानाच कोळसा इंजिनाच्या सर्वांत जवळ, मग गाठींचे, असा क्रम द्या. पुढच्या खेपेला वेळ लिहून पाठवा.

आणि मुलाला सांगा, होमला थांबलेल्या ड्रायव्हरने शिट्टी द्यायची असते.